मुंबईत राहून डोंगरातल्या बचाव पथकात कितपत उपयोगी पडता येईल?

भांडुपची भटकी (प्रश्न)

नमस्कार. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही काही जण नेरळहून पेब किल्ल्यावर गेलो होतो. आमच्या पुढे उतरत असलेल्या एका गटातील गृहस्थांचा पाय घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावर, सटकला आणि घोट्याजवळ हाड मोडले. धडधाकट माणूस जी वाट तासा-दीड तासात उतरतो, त्याच वाटेने त्यांना स्ट्रेचरवरून पायथ्याच्या गावी पोहोचवेपर्यंत पूर्ण अंधार पडला होता. मदतीला आलेले सगळे स्वयंसेवक होते. त्यांच्यात एक शिक्षक होते, एकाचे स्वतःचे गॅरेज होते आणि दोघे तर रात्रपाळी संपवून न झोपताच आले होते. पाण्याच्या बाटल्या आणि इतरांच्या सॅक वाहण्यापलीकडे माझ्या हातून त्या दिवशी काही झाले नाही.

अशा पथकात सामील व्हावे असे तेव्हापासून मनात आहे, पण काही शंका आहेत. मी भांडुपला राहते आणि फोर्टमध्ये नोकरी करते. दोरावरून कडा उतरण्याचा अनुभव शिबिरांपुरताच आहे. अपघात होतात ते कर्जत, मुरबाड, शहापूर, अकोले अशा तालुक्यांत, आणि तिथे पोहोचायलाच मला तीन-चार तास लागणार. तेव्हा मुंबईतल्या माणसाचा पथकाला खरोखर उपयोग असतो, की आम्ही तिथे जाऊन नुसती गर्दी वाढवतो? प्रशिक्षण घ्यायचे तर नेमके कोणते घ्यावे? आणि फोन आल्यापासून जखमी माणूस रुग्णवाहिकेत चढेपर्यंत पथक नेमके काय काय करते? बातमीत केवळ ‘सुखरूप सुटका’ एवढेच छापून येते, म्हणून जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

कातळवेडा, मुलुंड

ताई, सॅक आणि पाणी वाहणे हे बचावकार्यातले दुय्यम काम आहे असा आपला समज झालेला दिसतो. बचावकार्यात बारा आणे ओझे वाहणे असते आणि चार आणे दोरकाम. छायाचित्रे दोरकामाची निघतात, एवढाच फरक.

आता क्रमाने लिहितो. अडकलेला माणूस किंवा त्याचा सोबती 112 वर, जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरच्या मदत क्रमांकावर फोन करतो. कोणत्या किल्ल्याला कोणते पथक जवळ आहे, पायथ्याच्या गावात वाट ठाऊक असलेले कोण आहे, पोलीस ठाणे कोणते लागते, वनखात्याला कळवायचे आहे का, या सगळ्यांची गाठ घालून देणे हे या केंद्राचे काम. डोंगरावर चढतात ती लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी किंवा खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारखी त्या त्या भागातली पथके.

फोन घेणाऱ्याने धीर द्यायचा असतोच, पण त्याआधी नोंद करायची असते. नाव काय, किती जण आहात, कोणत्या गावातून चढलात, शेवटची ओळखीची खूण कोणती दिसली, जखमी शुद्धीवर आहे का, रक्त वाहते आहे का, पाणी किती उरले आहे, हे सगळे विचारून घ्यावे लागते. ‘बॅटरी किती टक्के आहे?’ या प्रश्नावर काही जण चिडतात. पण पुढचे पाच तास त्या एकाच फोनवर अवलंबून असतात. मोबाइलमधल्या जीपीएसला नेटवर्क लागत नाही. डेटा बंद असला तरी अक्षांश-रेखांश साध्या एसएमएसने पाठवता येतात आणि जिथे बोलणे तुटते अशा ठिकाणाहूनही एसएमएस पुष्कळदा जातो, हे ठाऊक नसल्यामुळे लोक व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन पाठवण्याची धडपड करत बॅटरी संपवतात.

वाट चुकलेल्यांच्या बाबतीत निम्मे काम फोनवरच होते आणि ते काम म्हणजे त्यांना आहेत तिथे थांबवून ठेवणे. ओढा धरून उतरत गेले की गाव लागतेच, असा एक समज रूढ आहे. सह्याद्रीच्या कोकणाकडच्या अंगाला हा समज जिवावर बेततो, कारण तो ओढा बहुधा एखाद्या धबधब्याच्या माथ्यावर येतो आणि तिथून खाली दोन-तीनशे फूट सरळ कडा असतो. अंधारात इथवर आलेल्या माणसाला ना पुढे उतरता येते, ना शेवाळलेल्या दगडांवरून मागे चढता येते. संध्याकाळी सहा वाजता जो नुसता वाट चुकलेला होता, तो आठ वाजेपर्यंत कड्यावर अडकलेला होतो, आणि दोन जणांच्या कामाला मग पंचवीस जण लागतात.

पथक एकदम चढत नाही. दोन-तीन चपळ जण प्रथमोपचाराची पेटी, पाणी आणि वॉकीटॉकी घेऊन पुढे जातात, जखमीची अवस्था पाहतात आणि काय काय लागेल ते खाली कळवतात. दोर, स्ट्रेचर, कॅराबिनर (दोर अडकवायच्या झडपेच्या धातूच्या कड्या), पुली यांचे ओझे घेऊन दुसरी तुकडी मागून येते. कड्यावरचे काम असेल तर बहुतेक ठिकाणी साधारण अकरा मिलिमीटर जाडीचा, फारसा न ताणला जाणारा दोर वापरतात, आणि भार घेणाऱ्या दोराबरोबर सुरक्षेचा दुसरा दोर, म्हणजे बिले, स्वतंत्र अँकरवर, म्हणजे दोर बांधायच्या पक्क्या आधारावर, बांधतात. आपल्याकडचा कातळ बेसाल्टचा असला तरी दोन थरांच्या मध्ये तांबडी, भुसभुशीत पट्टी लागते आणि तिच्यात ठोकलेल्या मेखेचा भरवसा नसतो. म्हणून अँकरसाठी झाड, खडक आणि मेख अशा निरनिराळ्या आधारांवर भार वाटून देतात. शक्य तिथे माणसाला वर ओढण्याऐवजी खाली सोडतात. पुलीच्या तिप्पट लाभाच्या, म्हणजे एक तृतीयांश जोरात भार उचलणाऱ्या, रचनेतही एक मीटर वर घ्यायला तीन मीटर दोर ओढावा लागतो आणि कड्याच्या काठावरच्या घर्षणात त्यातला बराच लाभ वाया जातो.

त्यानंतर खरी मेहनत सुरू होते. स्ट्रेचरला एका वेळी सहा ते आठ जण लागतात आणि वाट लांब असेल तर अशा तीन तरी तुकड्या हव्यात, कारण निसरड्या उतारावर दहा-पंधरा मिनिटांत मनगटे सुटू लागतात. पाऊलवाट एका माणसापुरती असते, त्यामुळे दोन्ही बाजूंचे जण कारवीत आणि करवंदीच्या जाळीत पाय रोवत चालतात. उंच पायरी किंवा मोठी धोंड आली की कोणी चालतच नाही. सगळे समोरासमोर दोन रांगांत बसतात, स्ट्रेचर मांड्यांवरून हातोहात पुढे सरकते आणि ज्यांच्या हातून ते पुढे गेले ते उठून रांगेच्या पुढच्या टोकाला जाऊन बसतात. जखमीच्या डोक्याशी एकच माणूस असतो आणि फक्त तोच त्याच्याशी बोलतो. आठ जण आठ सूचना देऊ लागले की जखमीही घाबरतो आणि वाहणारेही चुकतात.

आता आपला मूळ प्रश्न. पहिले दोन-तीन तास मुंबईच्या माणसाचे नसतातच. ते गावकऱ्यांचे आणि जवळच्या पथकाचे असतात. परंतु दुपारी तीनला झालेल्या अपघातात रात्री नऊ वाजता ताज्या दमाचे खांदे लागतात, आणि ते कल्याण, ठाणे, मुलुंड, भांडुपहूनच येऊ शकतात. बेपत्ता माणसाचा शोध दुसऱ्या-तिसऱ्या दिवसावर गेला तर मुंबईची कुमक नसेल तर काम अडते. शिवाय नातेवाइकांना दर अर्ध्या तासाने खरी माहिती देणे, रुग्णालयाशी बोलून ठेवणे, सोबतच्या गटात कोण कोण होते याची यादी जुळवणे ही कामे घरी बसून होतात आणि ती करायला पुढे येणारे फार थोडे असतात. मात्र बोलावणे आल्याशिवाय आपण होऊन निघू नये. तिथे खरोखरच गर्दी होते.

पायथ्याचा, कर्जत तालुका

वरचे सगळे बरोबर आहे, पण गावकऱ्यांविषयी एका वाक्यात आटोपले म्हणून लिहितो. आमच्या भागात कोणी अडकले की पहिला फोन वाडीवर येतो आणि पहिला माणूस चढतो तो ठाकर किंवा महादेव कोळी समाजातला. त्याच्याकडे हेल्मेट नसते, पुष्कळदा बूटही नसतात, आणि त्या दिवसाची मजुरी तर बुडालेलीच असते. कोणती नाळ (कड्यातली अरुंद, उभी घळ) पावसाळ्यात बंद होते, कोणत्या कपारीला आग्या मोहोळ आहे, हे त्याला नकाशाशिवाय ठाऊक असते. बातमीत मात्र ‘स्थानिकांच्या मदतीने’ एवढेच येते.

खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीचे उदाहरण सर्वांना आठवत असेल. 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली, तेव्हा वाडीपर्यंत गाडीचा रस्ता नव्हता. यंत्रे वर नेता आली नाहीत, त्यामुळे भर पावसात चिखल चढून जायचे आणि फावड्या-कुदळीने ढिगारा उपसायचा, असे ते काम होते. चढताना नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्यांचा हृदयविकाराने मृत्यू झाला. 27 मृतदेह मिळाले, 57 जणांचा पत्ता लागला नाही आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आले, पथके आली, सर्वांनी जीव तोडून काम केले. पण त्या रात्री सगळ्यात आधी हात लागले ते शेजारच्या वाड्यांमधल्या लोकांचे आणि जवळपासच्या गिर्यारोहकांचे.

म्हणून मुंबईकरांना माझी विनंती अशी आहे की पथकात जरूर या, पण आपल्या पथकाने ज्या गावाच्या जिवावर काम करायचे त्या गावात वर्षातून दोनदा तरी मोकळ्या हाताने न येता प्रथमोपचाराचा वर्ग घ्या, चार हेडलॅम्प आणि एक घडीचे स्ट्रेचर ग्रामपंचायतीत ठेवा. आणि घटनेच्या दिवशी गाड्या गावाबाहेर लावा. अरुंद रस्त्यावर दुतर्फा लावलेल्या गाड्यांमुळे 108 ची रुग्णवाहिका अडल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

दादरचा पांथस्थ

थोडा वेगळा मुद्दा मांडतो. जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश असताना धबधब्यावर जाणारे, दारू पिऊन कड्यावर बसणारे, वाटाड्या न घेता भर पावसात जंगलात शिरणारे, अशांसाठी स्वयंसेवकांनी जीव का धोक्यात घालावा? त्यांच्याकडून खर्च वसूल करायला हवा. दोन-चार जणांना मोठे बिल आले की बाकीचे आपोआप सुधारतील.

कातळवेडा, मुलुंड

पांथस्थ, आपला संताप रास्त आहे, उपाय नाही. मनाई आदेश मोडल्याबद्दल पोलीस कारवाई करतात आणि ती त्यांनी अवश्य करावी. बचावाचे मात्र बिल येऊ लागले की माणूस फोन करायला उशीर करतो. ‘थोडे अजून बघू, आपले आपण उतरू’ असे म्हणत तो अंधार पडेपर्यंत थांबतो, आणि वर लिहिल्याप्रमाणे त्या दोन तासांतच साध्या प्रकरणाचे अवघड प्रकरण होते. अमेरिकेतील माउंटन रेस्क्यू असोसिएशनने याच कारणासाठी शुल्क आकारण्याला जाहीर विरोध केलेला आहे. जबाबदारी टाकायचीच असेल तर ती पैसे घेऊन दोनशे-दोनशे जणांना एका वाटेने नेणाऱ्या आयोजकांवर टाकावी. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणात आयोजकांच्या नोंदणीची तरतूद आहे; ती पाहूनच पैसे भरण्याची सवय मुंबईकरांना लागली तरी पुष्कळ होईल.

हेलिकॉप्टरविषयीही इथेच लिहून टाकतो, कारण नातेवाइकांचा तो हमखास प्रश्न असतो. पावसाळ्यात ढग कड्याला चिकटलेले असतात, दरीतला वारा उलटसुलट असतो आणि पंख्याच्या झोताने सैल दगड खाली सुटतात. फेब्रुवारी 2022 मध्ये केरळातील मलमपुळा येथे एक तरुण कड्याच्या कपारीत सुमारे दोन दिवस अडकला होता. हवा कोरडी असूनही हेलिकॉप्टरला त्याला उचलता आले नाही. शेवटी लष्कराचे गिर्यारोहक दोराने त्याच्यापर्यंत पोहोचले.

परळची डॉक्टर

प्रशिक्षणाचा प्रश्न मागे पडला, म्हणून लिहिते. मला विचाराल तर दोरकामाच्या आधी प्रथमोपचार शिका आणि तो रुग्णालयाच्या भाषेत न शिकता डोंगराच्या भाषेत शिका. शहरातल्या प्रथमोपचाराच्या वर्गात रुग्णवाहिका थोड्या वेळात येईल असे गृहीत धरलेले असते. डोंगरात जखमी तुमच्याजवळ सहा-सात तास असतो. त्या अवधीत त्याला लघवीला जायचे असते, थंडी वाजते, बांधलेल्या पट्टीखालचा पाय सुजतो आणि पट्टी घट्ट होत जाते. म्हणून दर थोड्या वेळाने पायाची बोटे गार पडली का, त्यांना स्पर्श कळतो का, हे पाहावे लागते. पावसात भिजलेला माणूस मुंबईजवळच्या डोंगरातही गारठून जातो, हे अनेकांना खरे वाटत नाही. त्याच्या अंगावर काही पांघरण्याइतकेच त्याच्या पाठीखाली काही घालणे महत्त्वाचे असते, कारण ओली जमीन शरीरातली ऊब झपाट्याने काढून घेते.

हार्नेसमध्ये, म्हणजे दोराला अडकवायच्या कमरेच्या पट्ट्यांत, निश्चल लटकून राहिलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचते आणि तो काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो. त्याला खाली घेतल्यावर बसवून ठेवावे असे पूर्वी शिकवत असत. आता तो सल्ला मागे पडला आहे. सरळ आडवे झोपवावे आणि श्वासमार्गाकडे लक्ष द्यावे. सर्पदंशात आवळून बांधणे, चिरा देणे, रक्त चोखणे यांपैकी काहीही करू नये. अवयव हलू न देता प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात पोहोचवणे हाच उपाय आहे, म्हणून कोणत्या ग्रामीण रुग्णालयात ते आज आहे याची चौकशी, माणूस अजून डोंगरावर असतानाच, खालच्या व्यक्तीने फोनवर करून ठेवावी. आग्या मोहोळ उठलेले असेल तर जखमीकडे धावत जाण्याचा मोह आवरावा. माश्या शांत झाल्याशिवाय गेलेला बचावकर्ता हा दुसरा जखमी होतो.

आणखी एक गोष्ट पथकांच्या प्रशिक्षणात अजून पुरेशी शिकवली जात नाही. ज्यांना खाली आणायचे ते सगळे जिवंत नसतात. जुलै 2018 मध्ये आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून 30 जणांचा मृत्यू झाला, तेव्हा दरीत उतरून मृतदेह वर आणण्याच्या कामात महाबळेश्वर-पोलादपूर भागातील ट्रेकर्स होते. असे काम करून घरी गेलेला तरुण दुसऱ्या दिवशी कामावर जातो आणि त्याविषयी कोणाशीच बोलत नाही. झोप उडणे, जेवण न जाणे हे दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकले तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे, असे मी माझ्या ओळखीतल्या पथकांना आग्रहाने सांगते.

भांडुपची भटकी

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरताईंचा शेवटचा परिच्छेद आईला वाचून दाखवला नाही, कारण तिची परवानगी अजून मिळवायची आहे. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. मृत्यू झाला असेल तर पथकाला कायदेशीर अडचण येते का? आणि उत्तरकाशीचा गिर्यारोहणाचा अभ्यासक्रम केल्याशिवाय पथकात घेतच नाहीत, असे ऐकले ते खरे आहे का?

कातळवेडा, मुलुंड

मृत्यू झाल्याचे दिसत असेल तर पोलिसांना कळवून त्यांच्या सूचनेशिवाय मृतदेह हलवायचा नाही. अकस्मात मृत्यूची नोंद आणि पंचनामा त्यांनाच करायचा असतो. अवघड जागी पोलीस पोहोचू शकत नसतील तेव्हा पथक त्यांच्या सांगण्यावरून छायाचित्रे आणि नोंदी घेऊन मृतदेह खाली आणते. कधी कधी हद्दीचाही प्रश्न निघतो, कारण घाटमाथ्याची धार हीच जिल्ह्यांची सीमा असते आणि माणूस पुणे जिल्ह्यातून पडून रायगडमध्ये सापडतो. स्वयंसेवकाने त्या वादात पडू नये. दोन्ही पोलीस ठाण्यांना कळवून वेळ लिहून ठेवावी. छायाचित्रे पोलिसांखेरीज कोणालाही द्यायची नाहीत, हा आमच्याकडे न वाकणारा नियम आहे. तो मोडणाऱ्याला पथकाबाहेर जावे लागते.

उत्तरकाशीविषयी ऐकले ते खरे नाही. 1965 मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा प्राथमिक अभ्यासक्रम, त्यानंतर प्रगत आणि मग शोध व बचाव, हा क्रम उत्तमच आहे. पण त्याचा बराच भाग हिम आणि बर्फावरचा असतो आणि महिनाभराची रजा प्रत्येकाला मिळत नाही. सह्याद्रीतल्या पथकाला घसारा, कारवी, पाऊस आणि रात्र यांची सवय असलेला माणूस हवा असतो. आपत्तीत मदत करणारे स्वयंसेवक तयार करण्याच्या शासनाच्या आपदा मित्र योजनेतले बारा दिवसांचे प्रशिक्षण मिळाले तर जरूर घ्यावे, आणि जुलैमध्ये आमच्या मुलुंडला गिर्यारोहकांचे गिरिमित्र संमेलन भरते, तिथे राज्यभरातल्या संस्थांची माणसे एकाच छपराखाली भेटतात. कोणत्या पथकाबरोबर आपले जमेल हे तिथे दोन दिवसांत कळते.

आईंना सांगताना एवढे सांगू शकता की नव्या माणसाला पहिले वर्षभर कड्यावर कोणी सोडत नाही. आधी पायथ्याच्या गावातली नोंदवही सांभाळायची असते. कोण किती वाजता वर गेला, कोणाजवळ कोणता दोर आहे, कोणाच्या हेडलॅम्पचे सेल बदलायचे आहेत आणि परत आलेल्यांची संख्या जुळते का, हे सगळे तिच्यात असते. ही वही नीट नसेल तर रात्री एक वाजता जखमी रुग्णवाहिकेतून निघून गेलेला असतो आणि आपलाच एक स्वयंसेवक वर राहिला आहे की घरी गेला, हे कोणालाच सांगता येत नाही.

अपघात विम्याची पॉलिसी एकदा बारकाईने वाचून घ्या, कारण पुष्कळ पॉलिसींत गिर्यारोहण वगळलेले असते. पावसाळा संपला की मुंब्र्याच्या डोंगरात सराव सुरू होतो. यायचे असल्यास इथेच निरोप ठेवा. नावनोंदणीच्या अर्जावर रक्तगट, औषधांची अ‍ॅलर्जी आणि घरच्या दोन व्यक्तींचे क्रमांक लागतील.